हिवाळ्यात तळघरातली रोपं आणि हवेचा हिशोब

आमच्या तळघरातली एक छोटी खोली मी रोपांना दिली आहे. लेट्यूस आणि बेझिल बाराही महिने असतं, हिवाळा सरत आला की टोमॅटो-मिरचीच्या रोपांची भर पडते. वर ३०० वॅटचे एलईडी दिवे, रोज १६ तास. छताजवळून बाहेर जाणारा एक डक्ट, त्याला इनलाइन फॅन, आणि आत येणारी हवा दाराखालच्या फटीतून. उन्हाळ्यात यात डोकं चालवावं असं काही नसतं. दिव्यांनी खोली तापली की थर्मोस्टॅट फॅन चालू करतो, गरम हवा बाहेर जाते, विषय संपला.

थंडी पडली की हीच सोय दोन्हीकडून नडते. फॅन चालू ठेवला तर खोली गारठते आणि हवा इतकी कोरडी होते की बेझिलची पानं कडेनं वळायला लागतात. बंद ठेवला तर भिंतींना पाणी सुटतं. माझ्याकडे ते आधी बाहेरच्या कोपऱ्यात दिसलं, काँक्रीटवर बारीक थेंबांचा पट्टा. मग बेझिलच्या दाट फांद्यांच्या बेचक्यात राखाडी लव आली. बोट लावलं की धूर उडावा तशी उडणारी. ही करडी बुरशी, बोट्रायटिस. तिला फार उष्णता लागत नाही. पंधरा-वीस अंश, पानावर टिकून राहिलेली ओल आणि हलत नसलेली हवा एवढ्यावर तिचं छान चालतं. म्हणजे हिवाळ्यातलं बंद तळघर.

विचित्र वाटलं ते याचं की फॅन आपलं काम अगदी चोख करत होता. त्याला तापमान सांभाळायला सांगितलं होतं, ते तो सांभाळत होता. दिवे चालू असताना खोलीत २४ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असते. थंड हवेत बाष्प कमी मावतं, म्हणून दिवे बंद झाले, खोली १६ अंशांवर उतरली, की तेवढंच बाष्प असलेल्या त्याच हवेची आर्द्रता ९५ टक्क्यांच्या पुढे जाते. आणि नेमकं तेव्हाच तापमान खाली आलं म्हणून थर्मोस्टॅट फॅन बंद करतो. सगळ्यात ओले तास आणि फॅनच्या झोपेचे तास एकच. थंडीत फॅनची दोरी थर्मोस्टॅटच्या हातात ठेवण्यात अर्थ नाही, ती आर्द्रतेकडे द्यायला हवी, हे तिथे कळलं.

पण आर्द्रतेवर भरवसा ठेवायचा तर मापक खरं बोलणारं पाहिजे. माझ्याकडे दोन हायग्रोमीटर होते आणि दोघांचं कधी पटत नसे. यावर एक जुना, बिनखर्चाचा उपाय आहे. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्यायचं, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करायचं. विरघळू द्यायचं नाही, नुसतं भिजलं पाहिजे. ते झाकण आणि मापक एका हवाबंद पिशवीत ठेवून, तापमान फारसं हलत नाही अशा जागी रात्रभर सोडून द्यायचं. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा नेहमीच्या खोलीच्या तापमानाला ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिरावते. सकाळी माझ्या एका मापकावर ६९ होते, दुसऱ्यावर ७८. दोघांच्या पाठीवर चिकटपट्टी लावून फरक लिहून टाकला. एक सांगायला हवं: मापक दिव्याच्या थेट उजेडात टांगलं की ते स्वतःच तापतं आणि आर्द्रता खोटीच कमी दाखवतं. माझं आता पानांच्या उंचीवर, एका उपड्या पांढऱ्या कपाच्या आडोशाला आहे. कपाला भोकं पाडली आहेत.

मग खरा हिशोब. खोलीला हवा किती लागते हे शोधायला गेलं की ठोकताळे मिळतात: खोलीच्या घनफळाएवढी हवा दर मिनिटाला बदला, दर तीन मिनिटांनी बदला, वगैरे. हे ठोकताळे दिव्यांची उष्णता बाहेर काढण्यासाठीचे आहेत. हिवाळ्यात मला उष्णता काढायचीच नव्हती, ती तर ठेवायची होती. काढायचं होतं ते पाणी. आणि पाणी किती, हे मला नक्की माहीत होतं, कारण झारीनं मीच घालत होतो. दिवसाला साधारण ४ लिटर. रोप मुळांनी जितकं पाणी ओढतं त्यातलं अगदी थोडं स्वतःच्या वाढीत वापरतं, बाकी जवळजवळ सगळं पानांतून हवेत सोडतं. जे उरतं तेही कुंडीतल्या मातीवरून उडतं. थोडक्यात, सकाळी घातलेले ४ लिटर दुसऱ्या सकाळपर्यंत हवेत असतात.

आता हवेची बाजू. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावतं. ६० टक्के आर्द्रता म्हणजे १०.४ ग्रॅम. बाहेर शून्य अंश असेल तर भरगच्च ओल्या हवेतसुद्धा ५ ग्रॅमपेक्षा कमी असतं, नेहमीच्या दिवशी ४ च्या आसपास. म्हणजे बाहेरची एक घनमीटर हवा आत येऊन, ऊब घेऊन परत गेली की जाताना साडेसहा ग्रॅम पाणी घेऊन जाते. पिळून काढलेल्या फडक्यासारखी असते ती. ४००० ग्रॅमला साडेसहानं भागलं तर दिवसाला सुमारे ६१५ घनमीटर, तासाला २६.

माझ्या फॅनच्या खोक्यावर तासाला ३५० घनमीटर लिहिलेलं आहे.

हा आकडा कागदावर आला तेव्हा मी दोनदा भागाकार करून पाहिला. जाळी, वळणं आणि डक्टची लांबी यांत फॅनची बरीच ताकद जाते हे धरलं तरी तो गरजेच्या कितीतरी पट हवा फेकत होता. त्याची किंमतही काढता येते. एक घनमीटर हवा एक अंशानं तापवायला सुमारे ०.३४ वॅट-तास लागतात. बाहेर शून्य, आत २०, तासाला ३५० घनमीटर म्हणजे २,४०० वॅटच्या आसपास. दोन हीटर लावावेत एवढी उष्णता बाहेर टाकायची, आणि वर रोपांना कोरड्या वाऱ्यात उभं करायचं. तासाला २६ घनमीटरला लागतात १७७ वॅट. ३०० वॅटच्या दिव्यांसमोर हे परवडतं, कारण दिव्यात शिरलेली वीज शेवटी जवळजवळ सगळी उष्णता होऊनच खोलीत राहते.

आणखी एक गंमत आहे. बाहेर उणे दहा झालं की हवेत दोन ग्रॅमच्या आसपासच बाष्प उरतं, म्हणून तीच हवा प्रत्येक घनमीटरमागे ८.४ ग्रॅम पाणी नेते. लागणारी हवा २६ वरून २० वर येते. थंडी जितकी कडक, तितका फॅन कमी. कडाक्याच्या दिवसांत फॅन मंद करायला हात धजत नाही, बंद खोलीत हवा कोंडेल असं वाटत राहतं. पण आकडे उलटं सांगतात आणि मी आता आकड्यांचंच ऐकतो.

कोंडण्याचा प्रश्न कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत खरा आहे. बाहेरच्या हवेत तो दशलक्षात ४२० भागांच्या आसपास असतो, आणि दिवे चालू असताना पूर्ण बंद खोलीत रोपं तो बराच खाली आणतात, मग वाढ मंदावते. पण माझ्या एवढ्याशा पानांसाठी तासाला २६ घनमीटर हवा पुरून उरते. त्यातही माझ्याकडे हवा घरातून खेचली जाते, जिथे माणसं श्वास सोडत असतात, म्हणजे या बाबतीत ती बाहेरच्या हवेपेक्षा श्रीमंतच असते.

फॅन मंद करणं वाटतं तितकं सोपं निघालं नाही. साधा रेग्युलेटर लावला तर मोटर गुणगुणायला लागली आणि तापली. टायमरनं तासाला साडेचार मिनिटं पूर्ण वेगात चालवला तर सरासरी बरोबर येते, पण त्या साडेचार मिनिटांत दाराखालून येणारा गार झोत खालच्या ट्रेवरच्या रोपांना लागतो. शेवटी जुना फॅन उन्हाळ्यासाठी ठेवून १०० मिलिमीटरचा, वेग कमी-जास्त करता येणाऱ्या ईसी मोटरचा छोटा फॅन बसवला. तो सतत हळू चालतो आणि आर्द्रता ६५ च्या वर गेली की एक पायरी वाढवतो. आतल्या आत हवा फिरवायला वेगळा पंखा आहे, तो कधीच बंद होत नाही. लोक याची आणि बाहेर फेकणाऱ्या फॅनची गल्लत करतात. पानांभोवती साचलेला ओला थर मोडायचं काम या पंख्याचं. लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होत होत्या, तेही यानं बरंच आटोक्यात आलं. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबरच पानापर्यंत पोचतं, आणि साचलेल्या ओल्या हवेत आतल्या पानातून पाणी उडतच नाही, मग कॅल्शियम तरी कसं पोचणार.

दिव्यांच्या वेळा उलट्या केल्या, हा बदल सगळ्यात स्वस्त आणि बहुतेक सगळ्यात कामाचा. दिवे आता संध्याकाळी लागतात, रात्रभर जळतात आणि सकाळी उशिरा बंद होतात. बाहेर सगळ्यात थंड असतं तेव्हा आत दिव्यांची ऊब असते, आणि रोपांची रात्र दुपारच्या त्यातल्या त्यात सौम्य तासांत येते. खोली १६ वर न उतरता १८-१९ वर थांबते. रोपांना घड्याळाशी देणंघेणं नाही, त्यांना सलग अंधार मिळाला की झालं.

भिंतीचा मात्र वेगळा मामला होता. ६० टक्के आर्द्रता रोपांना चालते, पण भिंतीला विचारायचं राहिलं होतं. इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन खोलीभर फिरलो. मधली भिंत १७ अंश, बाहेरचा कोपरा १०. वीस अंशांच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे बाष्पाचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, ६० टक्के आर्द्रतेला १२ अंशांवर असतो, ५० टक्क्यांना ९ च्या थोडा वर. म्हणजे कोपरा १० वर असेपर्यंत मला ५० टक्क्यांच्या पुढे जाता येणार नव्हतं. किती ओल चालेल हे खोलीतला सगळ्यात थंड पृष्ठभाग ठरवतो. त्यावर कोपऱ्याला आणि छतालगतच्या पट्टीला जाड फोम बोर्ड लावले. ते नुसते टेकवून उपयोग नाही. मागे बोटभर फट राहिली तर ओली हवा तिथे शिरते, थंड काँक्रीटला भिडते आणि जे पाणी आधी निदान डोळ्यांना दिसत होतं ते आता बोर्डाआड लपून भिंत सडवतं. म्हणून मागे चिकटद्रव्य, सगळ्या कडा आणि सांधे स्प्रे फोमनं बंद. आता तो कोपरा १६ दाखवतो. कुंड्यांखालीही फोमचे तुकडे सरकवले. हवा २० असली तरी गार जमिनीवर टेकलेल्या कुंडीत मुळं १३ अंशांत बसलेली असतात, आणि थंड मुळं पाणी नीट ओढत नाहीत.

डक्टकडे माझं लक्ष गेलं ते फॅनमधून पाणी टपकलं तेव्हा. उबदार ओली हवा गार डक्टमधून जाते, आतल्या बाजूला तिचं पाणी होतं, आणि डक्टचा उतार आतल्या दिशेला असेल तर ते पाणी सरळ मोटरवर. डक्ट बाहेरच्या बाजूला उतरता केला, आणि फॅनपासून भिंतीपर्यंत इन्सुलेशनची बाही चढवली. तिच्या बाहेरच्या आवरणाचं टोक टेपनं घट्ट बंद करावं लागतं, नाहीतर खोलीतली ओल बाहीत शिरते आणि काचलोकर आतून भिजते. बाहेरच्या तोंडाशी उलटी हवा येऊ नये म्हणून पडदीचा डॅम्पर होता. थंडीत त्याच्या कडेवर बर्फ धरला आणि एका सकाळी पडदी चिकटूनच बसली. फॅन फिरतो आहे, हवा जात नाही, आत आर्द्रता ८०. आता डॅम्पर डक्टच्या आतल्या, उबदार टोकाला आहे आणि बाहेर नुसती जाळीची टोपी, बर्फाच्या थराच्या बरीच वर.

यापुढचं जरा गंभीर आहे. फॅन हवा बाहेर फेकतो तेव्हा तेवढीच हवा कुठून तरी आत येते, आणि कुठून यायचं हे ती तुम्हाला विचारत नाही. आमच्या तळघरात गॅसवर चालणारा पाणी तापवण्याचा बंब आहे. त्याचा धूर नुसत्या गरम हवेच्या ओढीनं धुराड्यातून वर जातो. तळघरातला दाब कमी झाला तर तो धूर उलटा घरात येऊ शकतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, ज्याला ना वास ना रंग. मी सगळी दारं-खिडक्या बंद केल्या, दोन्ही फॅन आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पूर्ण वेगात लावला, बंब पेटवला आणि धुराड्याच्या खालच्या तोंडाशी उदबत्ती धरली. छोटा फॅन एकटा असताना उदबत्तीचा धूर धुराड्यात ओढला जात राहिला. मोठा फॅन जोडीला आला की तो डळमळला, थोडा बाहेरही आला. तेवढं पुरेसं होतं. मोठा फॅन थंडीत लावायचाच नाही असं ठरलं, बाहेरून तळघरात येणारी एक स्वतंत्र हवेची नळी बसवून घेतली आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला. ज्यांचा बंब बाहेरून स्वतःची हवा घेणारा, बंद प्रकारचा आहे त्यांना ही भीती कमी. पण अलार्म सगळ्यांनी लावावा, यात मला वाद घालायचा नाही.

तसंच रेडॉनचं. जमिनीतून निघणारा हा किरणोत्सारी वायू तळघराच्या भेगांतून आत येतो, आणि आतला दाब कमी झाला तर जास्त ओढला जातो. फुफ्फुसांच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाच्या खालोखाल त्याचं नाव घेतलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली घरांसाठी घनमीटरला १०० बेकेरेल ही संदर्भ पातळी सुचवली आणि ते जमत नसेल तिथेही ३०० च्या वर जाऊ नये असं म्हटलं. मोजायची पेटी मी हिवाळ्यातच, फॅन नेहमीसारखा चालू ठेवून लावली. खिडक्या उघड्या असताना घेतलेल्या आकड्याचा काही उपयोग नाही.

मध्ये काही दिवस हवा बाहेर न फेकता वर घरातच सोडून पाहिली. विचार चांगला होता. घरातली हवा हिवाळ्यात कोरडी, ओठ फुटतात, मग रोपांची ओल आणि ऊब घरालाच का देऊ नये? घरातली आर्द्रता ३० च्या खालून ४० पर्यंत गेली, बरंही वाटलं. मग कडाक्याची थंडी आली आणि खिडक्यांच्या काचा सकाळी वाहायला लागल्या, खालच्या लाकडी पट्टीवर काळे ठिपके आले. तीन पदरी काचांच्या घरात हे जमून जाईल. शिवाय तळघरात बुरशी असेल तर तिचे बीजाणूही त्याच वाटेनं वर येतात. मी ते बंद केलं.

डिह्युमिडिफायरबद्दल लोक नाक मुरडतात, मला तो आवडतो. पाणी पानातून उडताना लिटरमागे साधारण ०.६८ युनिट उष्णता घेऊन जातं. फॅननं ते बाष्प बाहेर काढलं की ती उष्णता गेली. डिह्युमिडिफायर बाष्पाचं पुन्हा पाणी करतो आणि ती उष्णता खोलीतच परत टाकतो, वर त्यानं स्वतः खाल्लेली वीजही उष्णता होते. माझ्या ४ लिटरमागे दिवसाला पावणेतीन युनिट परत. पण कॉम्प्रेसरवाला प्रकार १५ अंशांच्या खाली रडतो, त्याच्या नळ्यांवर बर्फ धरतो. खोली फारच थंड असेल तर शोषक पदार्थावर चालणारा घ्यावा. आणि एकट्या डिह्युमिडिफायरनं ताजी हवा येत नाही, म्हणून थोडा फॅन राहतोच.

जाणाऱ्या हवेची उष्णता येणाऱ्या हवेला देणारी यंत्रं असतात, एचआरव्ही. बरेच जण तेच घ्या म्हणतात. माझ्या खोलीसाठी गणित बसेना. तासाला २६ घनमीटरवर वाचवण्यासारखे मुळात १७७ वॅट, त्यातले तीन चतुर्थांश वाचले तरी १३०. त्यातून यंत्राच्या दोन पंख्यांची वीज वजा, कडक थंडीत त्याच्या गाभ्यावरचा बर्फ वितळवायचा वेळ वजा. अख्ख्या घराला लावायचं असेल तर जरूर घ्यावं. घेताना नाव नीट बघावं, कारण ईआरव्ही नावाचा जो भाऊ आहे तो उष्णतेबरोबर ओलही परत आणतो, आणि मला तर ओलच नको आहे.

एवढं सगळं बसल्यावर थंडी निभते. अडतं ते थंडी ओसरताना. बाहेर १४ अंश आणि रिपरिप पाऊस असला की तिथल्या हवेतच घनमीटरला ११ ग्रॅमच्या जवळ बाष्प असतं, माझ्या खोलीतल्यापेक्षा जास्त. तेव्हा फॅन कितीही फिरवला तरी एक थेंब कमी होत नाही, उलट भरच पडते. त्या आठवड्यांत फॅन किमान वेगावर ठेवतो आणि डिह्युमिडिफायरची बादली सकाळ-संध्याकाळ उपसतो.